फीड पंप बदलण्याआधी प्रायमरचा दट्ट्या काय सांगतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: टाटा १६१२, ६९७ इंजिन, मायकोचा (आताच्या बॉशचा) इनलाइन पंप, गाडी पंचवीस वर्षांच्या पुढची. लासलगावहून कांदा भरून वाशीला उतरताना काही तक्रार नाही. परतीचा माल घेऊन कसारा घाट चढायला लागली की निम्म्यात दम सोडते आणि बंद पडते. खाली उतरून प्रायमरने (हातानं मारायच्या डिझेलच्या पंपाने) वीस-पंचवीस वेळा पंप मारला की चालू होते, तीन-चार किलोमीटरवर पुन्हा तेच. गॅरेजवाल्यानं सांगितलं, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढं पाठवणारा छोटा पंप, प्रायमर त्याच्यावरच असतो) गेला, नवा टाका. पंप आणून ठेवलाय. स्वतः बदलता येईल का, आणि काळजी काय घ्यायची?

बदलता येईल की! तीन नट आणि दोन नळ्या, एवढाच मामला आहे. हात बसलेला माणूस अर्ध्या तासात करतो, तुम्हाला पहिल्यांदा दीड-दोन तास लागतील. पण दादा, पंप आणलात तो जरा घाईनं आणलात. घाटात गाडी मरते म्हटलं की फीड पंपाचं नाव घ्यायचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, कारण तो समोर दिसतो, हाताला लागतो आणि दुकानात तयार मिळतो. खरा चोर बरेचदा टाकीपासून पंपापर्यंतच्या चार-पाच मीटरमध्ये कुठंतरी लपलेला असतो. आधी तो नाही याची खात्री करा. नाहीतर नवा पंप बसवाल आणि पुढच्या फेरीला परत कसाऱ्यात दट्ट्या हाणत बसाल.

हा पंप चालतो कसा ते समजून घेतलं की निम्मं निदान आपोआप होतं. फीड पंप मोठ्या पंपाच्या, म्हणजे एफआयपीच्या (फ्युएल इंजेक्शन पंप, नोझलना दाबानं डिझेल देणारा, तुमचा इनलाइन पंप तोच), कुशीला चिकटलेला असतो. एफआयपीच्या कॅमशाफ्टवरचा एक कॅम, म्हणजे फिरता उंचवटा, त्याच्या रोलरला ढकलतो, रोलर पुढच्या बारीक स्पिंडलला आणि स्पिंडल आतल्या प्लंजरला. आता गंमत अशी की कॅम डिझेलला फिल्टरकडे दाबत नाही. कॅम प्लंजरला स्प्रिंगवर चढवतो, तेवढ्यात डिझेल प्लंजरच्या एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं. फिल्टरकडे ढकलण्याचं काम परत येताना स्प्रिंग करते, आणि त्याच वेळी टाकीकडून नवं डिझेल ओढून घेते. म्हणजे दाब स्प्रिंगचा. फिल्टर पुढं तुंबला तर स्प्रिंग प्लंजरला पूर्ण मागे आणू शकत नाही, स्ट्रोक आपोआप कमी होतो, पंप फुटत नाही. साधं आणि शहाणं यंत्र आहे. चांगल्या स्थितीत एफआयपीच्या गॅलरीत, म्हणजे डिझेल साठण्याच्या आतल्या जागेत, साधारण १ ते १.५ किलो दाब राहतो, आणि इंजिनला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल हा पंप पाठवतो. उरलेलं ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीला, जातं.

म्हणूनच तुमची गाडी घाट उतरताना कुरकुरत नाही. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, डिझेलची मागणी जवळपास शून्य. चढाला मात्र मागणी सर्वात जास्त, आणि त्यात गाडीचं तोंड वर झाल्यानं इंजिन टाकीपेक्षा आणखी उंच जातं. ओढ वाढते. सपाटीवर जेवढी हवा नळीत घुसत नव्हती तेवढी आता घुसते. लक्षण घाटात दिसतं, दोष मात्र घरून निघतानाच बरोबर असतो.

आता प्रायमर. पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा घाईघाईनं पंप मारत सुटू नका. मूठ फिरवून मोकळी करा आणि पहिले चार-पाच स्ट्रोक सावकाश, हाताला काय लागतंय ते बघत मारा. दट्ट्या वर ओढताना जड जातोय आणि सोडला की आपणहून खाली खेचला जातोय? मागे, टाकीच्या बाजूला अडथळा आहे. वर हलका, पण खाली दाबताना जड? पुढं फिल्टर जाम आहे. दोन्हीकडे भुसभुशीत, सायकलच्या पंपासारखा पोकळ, आणि दहा-बारा स्ट्रोकनंतर हळूहळू वजन येतंय? नळीत हवा आहे. आणि कितीही मारा, वजन येतच नाही? मग व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा प्रायमरच झिजलाय. या एका दट्ट्यात एवढी माहिती आहे. नव्या कॉमन रेलच्या गाड्यांना स्कॅनर लावतात, आपला स्कॅनर हा.

तुम्ही लिहिलंय की वीस-पंचवीस वेळा मारल्यावर चालू होते. त्यावरून मला हवेचा किंवा टाकीकडच्या अडथळ्याचा संशय जास्त येतो. दोन्ही तपासू.

टाकीच्या झाकणापासून सुरुवात करा, कारण त्याला फुकटात बघता येतं. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. धूळ आणि डिझेलचा चिकटा बसून ते बुजलं की डिझेल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येत नाही. गाडी मेल्या मेल्या झाकण उघडा, सूं आवाज करून हवा आत गेली तर तुमचा पंप निर्दोष आहे. चोरीच्या भीतीनं काही जण कुलपाचं बाजारू झाकण लावतात, त्याला बरेचदा भोकच नसतं.

मग टाकीतली ओढनळी. तिच्या टोकाला जाळी असते, ती गाळानं, गंजाच्या पापुद्र्यांनी भरते. एकदा तर मला जाळीला गुंडाळलेला कॅनच्या झाकणाखालचा प्लास्टिकचा पापुद्रा सापडला होता. इंजिन बंद असताना तो तरंगत बाजूला व्हायचा आणि ओढ वाढली की परत येऊन चिकटायचा. इथं एक प्रश्न स्वतःला विचारा: टाकी भरलेली असताना गाडी बंद पडते, की अर्ध्याखाली आल्यावरच? अर्ध्याखाली आल्यावरच पडत असेल तर ओढनळीला टाकीच्या आत, वरच्या अर्ध्या भागात, सुईएवढं छिद्र किंवा चीर असू शकते. डिझेलच्या पातळीखाली असेपर्यंत ते छिद्र निरुपद्रवी, पातळी खाली गेली की तिथून हवा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. घोटीच्या बाजूला काम करत होतो तेव्हा एका दहाचाकीला मी स्वतः नवा फीड पंप टाकला, पैसे घेतले, टाकी भरून गाडी पाठवली. चौथ्या दिवशी ड्रायव्हर परत दारात. पंप काढून पाहिला, चांगला. दुसरा लावला, तेच. शेवटी त्याचा क्लीनर, पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं, सहज बोलून गेला, “मिस्त्री, टाकी फुल असली की नाही होत असं.” ओढनळी बाहेर काढली तर ब्रेझिंगच्या (पितळी जोडाच्या) खाली बारीक चीर. मजुरी परत केली. पोराला चहा पाजला.

टाकीनंतर नळ्या. दाबाच्या बाजूची नळी ढिली असेल तर डिझेल गळतं, आपल्याला दिसतं. ओढीच्या बाजूला डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. म्हणून ‘कुठंच लीक नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही. चेसिसवरच्या पत्र्याच्या नळीला आणि इंजिनला जोडणारा जो रबरी तुकडा असतो तो इंजिनच्या हालचालीनं आतून तडकतो. कधी त्याचा आतला थर सुटतो आणि ओढ आली की आत कोसळून रस्ता बंद करतो. बाहेरून होज नवीकोरी दिसते. पाच वर्षांच्या वरचा असेल तर न बघता बदला, आणि डिझेलला चालणारीच होज घ्या, पाण्याची नको. क्लिप तारेची असेल तर तीही फेका. पंपाच्या तोंडाशी जाळीचा बाऊल असतो, त्याचं रबर कडक झालं की तिथूनही हवा जाते. बाऊल उघडलाच आहे तर जाळी धुवा आणि तळाशी पाणी आहे का बघा. पावसाळ्यात ते हमखास असतं.

बँजो बोल्टखालचे (नळीच्या टोकाच्या डोळ्यातून जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर हा तर वेगळाच विषय आहे. प्रत्येक बँजोला दोन, बोल्टच्या डोक्याखाली एक आणि नळीच्या डोळ्यामागे एक. तांबं एकदा दाबलं की कडक होतं, दुसऱ्यांदा तेवढ्या नरमाईनं बसत नाही. नवे वॉशर चहाच्या पैशात येतात, तरी लोक जुनेच फिरवून लावतात आणि मग पाना लांब करून आवळतात. रस्त्यात अडला असाल आणि नवे नसतील तर जुना वॉशर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतो. पोलाद पाण्यात विझवलं की कडक होतं म्हणून तांबंही होईल असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. काळी खपली बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासून काढा मात्र.

आता पंप दोषी की निर्दोष याचा पक्का निकाल. स्वच्छ पाच लिटरचा कॅन घ्या, गाळलेलं डिझेल भरा, आणि नव्या पारदर्शक नळीनं ते थेट फीड पंपाच्या इनलेटला जोडा. टाकी आणि सगळी जुनी नळी बाजूला. कॅन खाली, चेसिसच्या पातळीला किंवा जमिनीवर ठेवा. केबिनच्या उंचीवर टांगला तर डिझेल वजनानंच उतरेल, लंगडा पंपही धावताना दिसेल आणि तुम्ही फसाल. एअर काढा (रीत पुढं दिली आहे), गाडी चालू करा, उभ्या गाडीत पाच-दहा मिनिटं रेस देऊन बघा. नळीत बुडबुडे दिसले तर जोड नीट नाहीत किंवा प्रायमरच्या बुडातून हवा जातेय. बुडबुडे नाहीत आणि रिटर्नला भरपूर डिझेल येतंय, म्हणजे पंप चांगला, टाकीकडे वळा. बुडबुडे नाहीत आणि तरीही रिटर्न लंगडा, तर एकदा फिल्टर बदलून बघा, मग पंपावर बोट ठेवा. गेज मिळत असेल तर फिल्टरनंतर लावून दाब बघा, वाद उरत नाही. आणि हो, असा उघडा कॅन घेऊन गाडी रस्त्यावर काढू नका. एवढं सांगावं लागतं, कारण काढणारे बघितलेत.

पंपच दोषी निघाला तर त्याचे दोष तीन प्रकारचे. पहिला किरकोळ: व्हॉल्व्हखाली कचरा अडकलेला, व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलेली, प्लंजरची स्प्रिंग बसलेली. हे दुरुस्तीच्या किटमध्ये निभावतं. दुसरा, प्रायमर आतून झिजून हवा घेतोय. प्रायमर सुटा मिळतो, पिळून काढायचा, दुसरा लावायचा. पुष्कळदा तर प्रायमर चांगला असतो, पण काम झाल्यावर मूठ पूर्ण आवळून बसवलेलीच नसते, आणि तिथूनच हवा जात राहते.

तिसरा दोष खरा आणि महागाचा, आणि त्याकडे कुणी बघत नाही. रोलर आणि प्लंजरच्या मधला तो बारीक स्पिंडल. तो त्याच्या भोकात अगदी नेमका बसवलेला असतो, आणि त्याच्यापर्यंत डिझेल दाबानं आलेलं असतं. वर्षानुवर्षं घासून ती फट वाढली की डिझेल स्पिंडलच्या कडेनं एफआयपीच्या कॅमच्या खोलीत झिरपायला लागतं. बाहेर थेंब नाही, वास नाही. काही एफआयपींना स्वतःचं वेगळं ऑइल असतं, त्यात डिझेल मिसळून ते पातळ होतं आणि पातळी वर चढते. ज्या पंपाला इंजिनमधून ऑइलची बारीक नळी येते, तिथं ते डिझेल थेट इंजिनच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. मालक खूश असतो की गाडी ऑइल खात नाही, उलट वाढतंय! आणि सहा महिन्यांनी बेअरिंग वाजायला लागतं.

म्हणून आज संध्याकाळी, पंपाला हात लावायच्या आधी, डिपस्टिक ओढा. पातळी खुणेच्या वर आहे? ऑइल दोन बोटांत चोळल्यावर पाण्यासारखं लागतंय, डिझेलचा वास येतोय? मग तुमचा फीड पंप बदलण्याला माझी पूर्ण संमती आहे, घाटातली तक्रार त्याच्यामुळे असो वा नसो. खात्री अशी करायची: फीड पंप एफआयपीवरून सोडवा पण नळ्या जोडलेल्याच ठेवा, प्रायमरनं दाब द्या आणि स्पिंडलच्या भोकाकडे बघत राहा. तिथून डिझेल पाझरलं तर निकाल लागला. कोरडा राहिला आणि तरी ऑइल वाढत असेल तर डिझेल एफआयपीच्या एलिमेंटमधून, म्हणजे आतल्या दाब देणाऱ्या दट्ट्यांच्या कडेनं, उतरतंय, तो पंप बेंचवर न्यावा लागेल, फीड पंप बदलून उपयोग शून्य.

स्पिंडलची झीज किटनं भरून निघत नाही. किटमध्ये व्हॉल्व्ह, स्प्रिंग, रबर, वॉशर येतात, भोक काही नवं येत नाही. अशा वेळी पूर्ण पंपच. आणि एक सल्ला फुकट फिरत असतो, की ‘चोवीस व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप मध्ये टाक, कटकट मिटेल’. झिजलेल्या स्पिंडलवर तो टाकलात तर चावी चालू असेपर्यंत सतत दाब, म्हणजे ऑइलमध्ये आणखी डिझेल. शिवाय कुठं नळी तुटली तर इंजिन बंद पडलं तरी तो पंप रस्त्यावर डिझेल ओततच राहणार. मी लावत नाही, लावूनही देत नाही.

नवा पंप आणलाय तो जुन्याशेजारी ठेवून बघायचा, हे विसरू नका. पंपावर पट्टीवर किंवा अंगावर नंबर असतो, तो एफपी/के अशा अक्षरांनी सुरू होतो. नंबर जुळला तर उत्तम. काउंटरवर ‘मायको’ म्हणूनच मागायची सवय आहे, कंपनीचं नाव २००८ सालीच बॉश झालं, पण तोंडातलं जात नाही, आणि आमच्या नाशिकच्या सातपूरला तर अजूनही रिक्षावाल्याला मायको म्हटलं की तो बरोबर नेतो. नंबर पुसलेला असेल तर चार गोष्टी मापा: बैठकीच्या तीन भोकांची जागा, इनलेट-आउटलेटची दिशा, नळीच्या चुड्या, आणि सर्वात महत्त्वाचं, बैठकीच्या पृष्ठभागापासून रोलर किती बाहेर येतो ते. व्हर्नियर नसेल तर पट्टीनं मापा. रोलर कमी बाहेर आला तर स्ट्रोक अपुरा पडेल, जास्त आला तर कॅम प्लंजरला टोकापर्यंत नेऊन ठोकेल आणि काहीतरी तुटेल. ६९७ला आणि ४ सिलिंडरच्या ४९७ला दिसायला भावंडं वाटणारे पंप मिळतात, दिसण्यावर जाऊ नका. पंप सुकाच हातात घेऊन प्रायमर हलवा, इनलेटवर अंगठा ठेवा, ओढ लागली पाहिजे. लागली नाही तर दुकानदाराला परत द्या.

आता काम. गाडी सपाटीवर, चाकांना उटी, इंजिन थंड. टाकी भरलेली असेल तर नळी सोडल्यावर डिझेल सायफननं येत राहील, तेव्हा बूच हाताशी ठेवा. पंपाच्या आजूबाजूची सगळी जागा आधी डिझेल आणि ब्रशनं धुवा, हवेनं उडवा. हा वेळ वाचवू नका, कारण थोड्याच वेळात तिथं एफआयपीला रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं उघडं तोंड पडणार आहे. कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे सुटतात. जुन्या सुती धोतराचा धुतलेला तुकडा सर्वात चांगला. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, नळ्यांचा कोन नंतर आठवत नाही.

बँजो सोडा, नळ्यांच्या तोंडाला प्लास्टिक बांधा. तीन नट सोडण्याआधी हातानं इंजिन थोडं फिरवून रोलर कॅमच्या उतरलेल्या बाजूला आणा. रोलर कॅमच्या माथ्यावर असेल तर स्प्रिंगचा ताण स्टडवर असतो, शेवटचा नट सुटताना पंप हातावर उडतो. ताण गेल्याचं बैठकीतल्या ढिलाईवरून कळतं. नट तिन्ही थोडे थोडे, पाळीपाळीनं सोडा. दहाचा पाना लागतो, आणि खालचा नट शिव्या खाल्ल्याशिवाय सुटत नाही. तिथं छोटा रिंग पाना वाकवून ठेवलेला असतो प्रत्येक मिस्त्रीकडे. खाली भांडं धरा, कॅमच्या खोलीतलं ऑइल येईल. त्याचा वास घ्या, वर सांगितलेलं सगळं पुन्हा तपासून होईल.

पंप निघाला की उघड्या तोंडात लगेच स्वच्छ कापड. नट, वॉशर, जुन्या पॅकिंगचा तुकडा, काहीही आत पडता कामा नये. एखादा वॉशर आत गेला आणि तुम्ही तशीच गाडी चालू केली तर फीड पंपाचं काम एफआयपीच्या कॅमशाफ्टवर जाऊन थांबेल. जुनं पॅकिंग खरवडताना कापड आत दाबून धरा आणि खरवडलेलं बाहेर ओढून घ्या. बोट घालून शक्य तेवढा कॅम चाचपा: गुळगुळीत लागला पाहिजे, खड्डे लागले तर पंपवाल्याला दाखवा.

बसवताना रोलरला आणि स्पिंडलला स्वच्छ इंजिन ऑइल लावा. पॅकिंग एकच, मूळ जाडीचं. लीक होऊ नये म्हणून दोन-दोन पॅकिंग लावणारे आहेत, पण त्यानं पंप बाहेर सरकतो आणि स्ट्रोक कमी होतो. सिलिकॉन अजिबात नको, त्याची दाबून बाहेर आलेली शेपटी आत तुटते आणि फिरत राहते. रोलर कॅमला सरळ बसलाय ना, आडवा फिरला नाही ना, बघा. पंप हातानंच बैठकीपर्यंत जायला हवा. जात नसेल तर नट आवळून ओढून बसवू नका, इंजिन थोडं फिरवा. तिन्ही नट पाळीपाळीनं. हे एम६चे बारीक स्टड आहेत, १० न्यूटन-मीटरच्या वर जायचं कारण नाही. टॉर्क पाना नसेल तर पाना मुठीत न धरता तीन बोटांत धरा, तेवढंच बळ पुरतं. एफआयपीचं स्वतःचं ऑइल असेल तर सांडलेलं पातळीपर्यंत भरा.

नवे तांब्याचे वॉशर, नवं बाऊलचं रबर, आणि जमलं तर दोन्ही फिल्टर, कपड्याचा आणि कागदाचा. पहिल्या, म्हणजे कपड्याच्या फिल्टरमध्ये डिझेल ओतून ठेवलं तर एअर लवकर निघते. कागदाच्या फिल्टरमध्ये मात्र बाहेरून ओतू नका. त्याच्या पुढं थेट एफआयपी आहे, ओतलेल्यातला कण गाळायला कुणी उरत नाही.

एअर काढण्यात घाई करणारेच जास्त वेळ घालवतात. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे ढिला करा, प्रायमरची मूठ मोकळी करून पंप मारा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच, दट्ट्या दाबलेल्या स्थितीत, स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर दोन्हीचे. मग एफआयपीचा स्क्रू, तसंच. शेवटी सगळं बंद करून पंप मारत राहा, दट्ट्याला वजन येईल आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह कुजबुजल्यासारखा आवाज करून उघडेल. तो आवाज आला की थांबा, मूठ पूर्ण आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मोटरला विसावा द्या. एवढं करूनही उठली नाही तर नोझलच्या टोकाचे एक-दोन पाइप नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. त्या वेळी हात किंवा तोंड पाइपजवळ नको. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, दिसायला टाचणीचं टोक, पण बोट कापायची वेळ येते.

गाडी उठली की दहा मिनिटं आयडलवर, मग थोडी रेस देऊन सगळ्या जोडांवर कोरडा कागद फिरवा. ऑइलमध्ये डिझेल सापडलं असेल तर इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर आजच बदला. ते ऑइल घेऊन कसाऱ्याला जाऊ नका. नव्या ऑइलची पातळी डिपस्टिकवर फाइलनं बारीक खूण करून लिहून ठेवा आणि पुढचे सात-आठ दिवस रोज सकाळी बघा. शंभरेक किलोमीटरनंतर ते तीन नट एकदा पुन्हा चाचपा, पॅकिंग बसतं आणि नट ढिले होतात.

हे सगळं एफआयपीवर बसणाऱ्या फीड पंपाबद्दल झालं. कमिन्सच्या ६बीटीवाली गाडी असेल तर फीड पंप इंजिनच्या ब्लॉकवर असतो, त्याला इंजिनचाच कॅमशाफ्ट हलवतो. तिथं बैठक वेगळी, बोल्ट वेगळे, आणि आतून गळती झाली तर डिझेल सरळ चेंबरमध्ये. निदानाची रीत तीच, मापं मात्र वरची लावू नका.

जुना पंप भंगारात देऊ नका. स्पिंडल गेला असला तरी त्याचा प्रायमर चांगला असेल तर पिळून काढा, डिझेलनं धुवा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चार तांब्याच्या वॉशरांसोबत टूलबॉक्सात टाका. घाटात रात्री दोन वाजता प्रायमर दगा देतो तेव्हा इगतपुरीला दुकान उघडं नसतं.